काटा आणि कान

[माइक, ॲम्प्लिफायर, मिक्सर ही यंत्रे आपण सभा-समारंभांत पाहतो. स्टुडिओसाठी अशी यंत्रे छोट्या कार्यशाळांतही मागणीप्रमाणे तयार होतात. ती कशी तयार होतात आणि ती चांगली आहेत हे कसे पारखले जाते, याची माहिती या पाठात दिली आहे.]

शाळेचे स्नेहसंमेलन सुरू आहे. पटांगणात मुले दाटीवाटीने बसली आहेत. एक मुलगी माइकसमोर येते आणि कविता म्हणू लागते. तेवढ्यात स्पीकरमधून 'हूंऽऽ' अशी घरघर सुरू होते. कविता मागे पडते आणि घरघरच सर्वांना ऐकू येते. कोणीतरी धावत जाऊन वायर हलवतो. मुले हसतात. ती मुलगी मात्र हिरमुसते. असा प्रसंग तुम्हीही पाहिला असेल.

शाळेत असे झाले तर कविता पुन्हा म्हणता येते. पण रेकॉर्डिंग स्टुडिओत काय होईल? गायक मन लावून गातो. एखादी तान अशी जमते, की ती पुन्हा तशीच येईल याची खात्री नसते. नेमकी त्याच वेळी यंत्राने घरघर केली, तर ती त्या गाण्यात कायमची बसते. म्हणून स्टुडिओतील यंत्रे फार काळजीपूर्वक बनवावी लागतात.

हे काम अवघड का आहे? त्यासाठी माइकमध्ये काय घडते ते पाहू. माइकच्या आत एक पातळ पडदा असतो. आपण बोललो की हवा कंप पावते आणि तो पडदाही कंप पावतो. अनेक माइकमध्ये या पडद्याला तारेचे बारीक वेटोळे जोडलेले असते. ते चुंबकाजवळ हलले की त्यात वीज निर्माण होते. ही वीज किती असते? साधारणपणे एका व्होल्टच्या हजाराव्या भागाएवढी! टॉर्चमधील एका सेलची वीज दीड व्होल्ट असते, म्हणजे तिच्याहून हजारपटीहून जास्त. स्टुडिओतील इतर यंत्रांना मात्र सुमारे एक व्होल्ट वीज लागते. म्हणून माइककडून आलेली वीज ॲम्प्लिफायरने हजारपट वाढवावी लागते.

खरी अडचण इथेच आहे. ॲम्प्लिफायरला गायकाचा आवाज आणि घरघर यांतला फरक कळत नाही. जे आत येईल ते सगळे तो मोठे करतो. गाणे हजारपट मोठे होते, तशी घरघरही हजारपट मोठी होते.

बाजारात तयार ॲम्प्लिफायर आणि मिक्सर मिळतात. मग ते मुद्दाम बनवून का घेतात? तयार कपडे मिळत असूनही आपण कधीकधी शिंप्याकडे जातो, त्यातलाच हा प्रकार आहे. एका स्टुडिओला चार माइक जोडायचे असतात, तर दुसऱ्याला अठ्ठेचाळीस. कोणाला आपले जुने यंत्र नव्या यंत्राला जोडायचे असते. कारखाना एकाच नमुन्याच्या हजारो वस्तू बनवतो. एकाच ग्राहकासाठी एकच वस्तू बनवायची, तर छोटी कार्यशाळाच हवी.

अशा छोट्या कामातून जगभर नाव मिळवलेले एक कारागीर म्हणजे रुपर्ट नीव्ह. त्यांचा जन्म १९२६ साली इंग्लंडमध्ये झाला. त्यांचे बालपण दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना या देशात गेले. लहानपणापासूनच त्यांना रेडिओ उघडण्याचा आणि जोडण्याचा नाद होता. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ब्रिटिश सैन्याच्या संदेशवहन विभागात काम केले. युद्ध संपल्यावर त्यांनी सैन्याची एक जुनी रुग्णवाहिका घेतली आणि तिच्यात ध्वनिमुद्रणाची यंत्रे बसवली. ती गाडी घेऊन ते गावोगावी जात आणि गायकवृंदांचे गाणे मुद्रित करत. सभांसाठी लाउडस्पीकर लावण्याचे कामही ते करत.

१९६१ साली नीव्ह यांनी स्वतःची कंपनी सुरू केली. सुरुवातीचे काम त्यांच्या राहत्या घरीच चाले. डेस्मंड लेस्ली हे संगीतकार त्यांच्या पहिल्या ग्राहकांपैकी एक होते. लेस्ली वेगवेगळ्या टेपवरचे ध्वनी एकत्र करून संगीत रचत. त्यांना हवा तसा मिक्सर नीव्ह यांनी बनवून दिला. पुढे १९६४ साली त्यांनी लंडनच्या फिलिप्स स्टुडिओसाठी ट्रान्झिस्टरवर चालणारी यंत्रे तयार केली. तोपर्यंत अशी यंत्रे काचेच्या व्हॉल्व्हवर चालत. व्हॉल्व्ह आकाराने मोठे असत आणि फार तापत. नीव्ह यांचे काम वाढत गेले आणि १९६९ साली त्यांचा कारखाना उभा राहिला. पण त्याची सुरुवात घरातल्या टेबलावर झाली होती.

अशा कार्यशाळेत काम कसे चालते, ते आता पाहू. समजा, एका स्टुडिओला माइकसाठी ॲम्प्लिफायर बनवून हवा आहे. चांगला कारागीर लगेच हातात अवजारे घेत नाही. तो आधी प्रश्न विचारतो. माइक कोणता आहे? त्यासमोर कोण गाणार? गाणारा हळू गातो की ढोल वाजणार आहे? माइकपासून यंत्रापर्यंत वायर किती लांब आहे? ढोलाचा मोठा आवाज सहन करणे आणि बासरीचा हलका सूर स्वच्छ पकडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गरज नीट कळली नाही, तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

मग तो कागदावर सर्किटची आकृती काढतो. कोणता भाग कुठे बसेल, कोणत्या भागातून किती वीज जाईल, याचा हिशेब करतो. नंतर एका साध्या पाटीवर भाग तात्पुरते जोडून पाहतो. हा कच्चा नमुना असतो. यात चूक सापडली तर ती सहज सुधारता येते. नमुना ठीक वाटला की तो पक्की पाटी तयार करतो आणि सर्व भाग सोल्डरने जोडतो. सोल्डरचा एकच टाका नीट बसला नाही, तर यंत्र कधी चालते, कधी बंद पडते. असा दोष शोधणे सर्वांत कठीण असते. म्हणून प्रत्येक टाका भिंगातून तपासतात. लाकडी पेन्सिलीने पाटीवर हलकेच ठोकून पाहतात. ठोकल्यावर स्पीकरमधून 'कर्र' असा आवाज आला, तर कुठेतरी टाका कच्चा आहे असे समजावे.

यंत्र पहिल्यांदा सुरू करण्याचा क्षण धाकधुकीचा असतो. त्यासाठी कारागीर एक साधी युक्ती वापरतात. घरातली वीज थेट यंत्राला न देता वाटेत तारेचा एक साधा बल्ब जोडतात. यंत्रात काही चूक असेल, तर जास्त वीज खेचली जाते. मग बल्ब लख्ख पेटतो आणि यंत्र जळण्यापासून वाचते. सगळे ठीक असेल, तर बल्ब क्षणभर चमकतो आणि मंद होतो. मुलांनो, हे काम जाणत्या माणसांचे आहे. घरातल्या विजेवर असे प्रयोग तुम्ही करू नका. यंत्राचे बटण बंद केल्यावरही त्याच्या काही भागांत वीज साठून राहते आणि तिचा जोराचा झटका बसू शकतो.

यंत्र सुरू झाले, की परीक्षा सुरू होते. पहिली परीक्षा शांततेची. यंत्राला माइक न जोडता फक्त दोनशे ओहमचा एक रेझिस्टर जोडतात. आता यंत्राने गप्प राहायला हवे. पण ते पूर्ण गप्प राहत नाही. 'सूंऽऽ' असा अगदी बारीक आवाज येतोच. कारण उष्णतेमुळे रेझिस्टरमधील इलेक्ट्रॉन सतत हलत असतात आणि त्यातूनच थोडी वीज निर्माण होते. अमेरिकेतील शास्त्रज्ञ जॉन्सन यांनी १९२८ साली ही गोष्ट सविस्तर मांडली. दोनशे ओहमच्या रेझिस्टरमधून ऐकू येण्याजोगा जेवढा गोंगाट निघतो, तो एका व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाच्या सुमारे पाव एवढा असतो. तो कोणीही टाळू शकत नाही. यंत्राने त्यात स्वतःची भर किती कमी घातली, यावरून कारागिराचे कौशल्य ठरते.

दुसरी परीक्षा उंच आणि खालच्या सुरांची. तरुण माणसाला साधारणपणे एका सेकंदाला २० ते २०,००० कंपने असलेले आवाज ऐकू येतात. एका सेकंदातील कंपनांच्या संख्येला वारंवारता म्हणतात आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात. कारागीर यंत्राला २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे सूर एकामागून एक देतो. यंत्राने सगळे सूर सारख्याच प्रमाणात वाढवायला हवेत. मीटरचा काटा खाली किंवा वर सरकला, तर कुठे तरी दोष आहे.

तिसरी परीक्षा शुद्धतेची. यंत्राला १,००० हर्ट्झचा एकच शुद्ध सूर देतात. बाहेर आलेल्या आवाजातून तोच सूर गाळून काढून टाकतात. मागे जे उरते, ते यंत्राने आपल्या पदरचे घातलेले असते. ते जितके कमी, तितके यंत्र प्रामाणिक!

आता त्या घरघरीकडे वळू. तिचा माग काढताना कारागिराचा कान उपयोगी पडतो. भारतात आणि इंग्लंडमध्ये घरातली वीज एका सेकंदाला पन्नास वेळा कंप पावते. घरघरीचा सूर ५० हर्ट्झचा असेल, तर घरातल्या विजेचा प्रभाव माइकच्या वायरवर पडत असावा किंवा दोन यंत्रांची जमिनीशी जोडणी चुकली असावी. सूर १०० हर्ट्झचा असेल, तर बहुधा यंत्राच्या वीजपुरवठ्यातच उणीव असते. कधी यंत्रातला ट्रान्सफॉर्मर जरासा फिरवून बसवला, तरी घरघर कमी होते.

वायर लांब असेल तर आणखी एक उपाय करतात. माइकचा आवाज दोन तारांतून एकमेकांच्या उलट पाठवतात. वाटेत शिरलेली घरघर मात्र दोन्ही तारांत सारखीच असते. यंत्र एका तारेतून दुसरीची वजाबाकी करते. मग सारखी असलेली घरघर नाहीशी होते आणि उलट असलेला आवाज दुप्पट होऊन उरतो. वजाबाकीचा किती छान उपयोग!

सर्व परीक्षा झाल्या, सर्व आकडे वहीत लिहिले. यंत्र एक-दोन दिवस सतत चालू ठेवून तापवूनही पाहिले. आता काम संपले का? याचे उत्तर देणारी एक गोष्ट नीव्ह यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे.

जॉर्ज मार्टिन यांच्या एअर स्टुडिओसाठी १९७० च्या दशकात एक मोठा मिक्सर बनवला होता. जेफ एमरिक हे तिथले ध्वनिमुद्रक होते. बीटल्स या प्रसिद्ध गायकमंडळाची अनेक गाणी त्यांनी मुद्रित केली होती. एमरिक यांनी मिक्सर ऐकला आणि ते नाराज झाले. काही माइकच्या पट्ट्यांचा आवाज इतरांसारखा नाही, अशी त्यांची तक्रार होती. मोजून पाहिले, तेव्हा ऐकू येणाऱ्या सर्व सुरांत काहीच फरक दिसला नाही. काटा म्हणत होता, 'सगळे ठीक आहे.' एमरिक यांचा कान म्हणत होता, 'ठीक नाही.'

अशा वेळी 'तुम्हाला भास होतो आहे' असे म्हणणे सोपे होते. आकडे आपल्या बाजूने असताना आपलीच चूक असेल असे मानायला मोठे मन लागते. नीव्ह यांनी तक्रार झटकली नाही. ते शोधत राहिले. त्यांनी माणसाला ऐकू येते त्याच्याही पलीकडे मोजून पाहिले. तेव्हा एमरिक यांनी दाखवलेल्या पट्ट्यांपैकी तीन पट्ट्यांत दोष सापडला. तिथल्या ट्रान्सफॉर्मरची जोडणी अपुरी राहिली होती. त्यामुळे ५४,००० हर्ट्झजवळ आवाज ३ डेसिबलने, म्हणजे सुमारे १.४ पट वाढत होता. जोडणी सुधारली आणि एमरिक यांचे समाधान झाले.

खरे तर ५४,००० हर्ट्झचा सूर कोणालाच ऐकू येत नाही. मग एमरिक यांना फरक कसा जाणवला? याबद्दल तंत्रज्ञांमध्ये अजूनही मतभेद आहेत. पण एक गोष्ट मात्र निश्चित आहे. दोष खरोखरच होता आणि ज्या पट्ट्यांकडे कानाने बोट दाखवले, तिथेच तो सापडला. नीव्ह आयुष्यभर ही गोष्ट विसरले नाहीत. ऐकू येणाऱ्या सुरांच्या पलीकडेही यंत्र नीट चालले पाहिजे, असा त्यांचा आग्रह राहिला. १९९७ साली त्यांना ग्रॅमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. वयाच्या सत्तरीनंतरही ते नवी यंत्रे घडवत होते. २०२१ साली त्यांचे निधन झाले.

तर मग कानावरच विश्वास ठेवावा का? नाही. कानही फसतो. दोन यंत्रांपैकी एकाचा आवाज किंचित मोठा असला, तरी तेच आपल्याला अधिक चांगले वाटते. महाग यंत्र समोर दिसले, की त्याचा आवाज आपोआप गोड वाटू लागतो. म्हणून जाणते कारागीर दोन्ही यंत्रांचा आवाज मोजून सारखा करतात. कोणते यंत्र चालू आहे, हे ऐकणाऱ्याला कळू देत नाहीत. तरीही त्याने फरक अनेक वेळा बरोबर ओळखला, तरच तो खरा मानतात.

मित्रांनो, काटा आणि कान हे दोन साक्षीदार आहेत. काटा थकत नाही आणि कोणाची बाजू घेत नाही. पण त्याला जे विचारले, तेवढेच तो सांगतो. कान कधी चुकतो, पण जे विचारायचे राहून गेले, तेही तो सांगतो. दोघांचे म्हणणे जुळले, तर यंत्र ग्राहकाला द्यावे. जुळले नाही, तर वही पुन्हा उघडावी.

पुढच्या स्नेहसंमेलनात स्पीकरमधून स्वच्छ आवाज आला, तर त्या यंत्राकडे कोणाचे लक्षही जाणार नाही. सगळे फक्त कविता ऐकतील. यंत्र घडवणाऱ्याला हेच हवे असते.

शब्दार्थ

हिरमुसणे – नाराज होणे
तान – गाण्यातील सुरांची लांब ओळ
कंप पावणे – थरथरणे
वेटोळे – गुंडाळलेली तार
गायकवृंद – एकत्र गाणाऱ्यांचा समूह
संदेशवहन – निरोप पोहोचवणे
धाकधूक – मनातील भीती, काळजी
उणीव – कमतरता
माग काढणे – शोध घेणे
झटकणे – लक्ष न देता दूर सारणे
भास – नसलेली गोष्ट आहे असे वाटणे
आपल्या पदरचे घालणे – स्वतःकडचे मिसळणे

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) माइककडून आलेली वीज ॲम्प्लिफायरने किती पट वाढवावी लागते?
(आ) महायुद्धानंतर नीव्ह यांनी ध्वनिमुद्रणाची यंत्रे कशात बसवली?
(इ) १०० हर्ट्झच्या घरघरीवरून कारागीर काय ओळखतो?

प्र. २. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) काम हाती घेण्यापूर्वी कारागीर कोणते प्रश्न विचारतो? का?
(आ) दोन तारांच्या उपायाने घरघर कशी नाहीशी होते?
(इ) एमरिक यांची तक्रार खरी कशी ठरली?

प्र. ३. 'काटा आणि कान हे दोन साक्षीदार आहेत', असे लेखकाने का म्हटले आहे? तुमच्या शब्दांत लिहा.

प्र. ४. रिकाम्या जागा भरा.
(अ) वारंवारता ........ मध्ये मोजतात.
(आ) सोल्डरचा प्रत्येक टाका ........ तपासतात.

प्र. ५. विरुद्धार्थी शब्द लिहा.
शुद्ध, तात्पुरता, महाग, स्वच्छ, कठीण

प्र. ६. 'आवाज', 'कारागीर', 'मेहनत' हे शब्द उर्दूतही आहेत. असे आणखी चार शब्द पाठातून शोधा आणि त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : तुमच्या गावातील रेडिओ किंवा लाउडस्पीकर दुरुस्त करणाऱ्या कारागिराला शिक्षकांसह भेटा. तो दोष कसा शोधतो, याची माहिती दहा ओळींत लिहा.